रिकामीच तर होती

माझ्या भावानं वहिनीच्या कानशिलाला बंदूक लावून चाप ओढला, तेव्हा मी पोहे खात होते. दिवाळीसाठी माहेरी आले होते. दादा माझ्याहून मोठा, पण घरच्या रिवाजाप्रमाणे माझं लग्न आधी उरकलं होतं आणि त्याचं नंतर. वहिनीला घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. तिनं त्याच्या चहात साखर कमी टाकली होती, एवढंच. तो उठला, खुंटीवरची दुनळी काढली, अंगठ्यानं घोडा मागं खेचला आणि नळी तिच्या केसांत खुपसली. टक् असा आवाज झाला. वहिनीनं डोळे मिटले होते. आवाज झाल्यावर तिनं ते उघडले आणि ती साखरेचा डबा आणायला आत गेली.

मी हातातली ताटली दादाच्या अंगावर फेकली. पोहे त्याच्या शर्टाला चिकटले आणि तो खो खो हसायला लागला. आई आतून ओरडली, "अगं, रिकामीच हाय ती! गंमत करतोय त्यो." आबा, म्हणजे आमचे वडील, पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न काढता विचारलं, "पोह्याची नासाडी कशाला केली?"

रिकामीच आहे, हे आमच्या घरातलं उत्तर होतं. आमच्याकडे बंदुका उघड्यावर टांगलेल्या असायच्या आणि काडतुसं पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद. पेटीची किल्ली आबांच्या करदोट्याला. रानात डुकरं शिरली, रोही म्हणजे नीलगाई कपाशीत घुसल्या, की आबा स्वतः पेटी उघडून काडतुसं द्यायचे आणि उरलेली परत मागून घ्यायचे. त्यामुळं भिंतीवरची बंदूक रिकामी, ही काळ्या दगडावरची रेघ होती. त्या रेघेच्या भरवशावर दादा वहिनीच्या डोक्याला, छातीला नळी लावायचा. एकदा तर ती पोटुशी असताना पोटालाही लावली. ते मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले अंगात रक्त कमी आहे, आणि घरानं ते लगेच मान्य केलं.

आमचं गाव वैजापूरच्या अलीकडं. कांदा, कपाशी, थोडा मका. गावात ट्रॅक्टर पुष्कळ, गाड्या पुष्कळ, पण बंदुका फक्त आमच्याकडं, त्याही तीन. एक एकनळी, आजोबांची, निजामाच्या काळातली. एक दुनळी, आबांची, घोड्याची, जुनी पण चालू. आणि एक रायफल. ती दादाच्या हट्टापायी घेतलेली, वर दुर्बीण बसवलेली. परवाना आबांचा, त्यात वापरणारा म्हणून दादाचंही नाव घातलेलं. वहिनीचं माहेर वेरूळचं. तिच्या भावांची लेण्यांच्या रस्त्यावर शोभेच्या वस्तूंची दुकानं आहेत. स्थळ पाहायला आले तेव्हा त्यांनी भिंतीकडं पाहिलं आणि तिथंच सुपारी फोडली. ज्या घरात बंदूक आहे ते अब्रूदार घर, असा त्यांचा हिशेब होता. पुढं ती दोनदा रडत माहेरी गेली, तेव्हाही दोन्ही वेळा त्यांनी तिला याच हिशेबानं परत आणून सोडलं.

दादाला मी कधी घाबरले नाही आणि कधी माफही केलं नाही. एकदा त्यानं गव्हात शिरलेल्या रानडुकराला गोळी घातली. डुक्कर मेलं नाही, मागचे पाय ओढत बांधाला लागून फिरत राहिलं. आमची दोन्ही कुत्री त्याच्यावर गेली. एकाचं पोट त्यानं सुळ्यानं फाडलं. मग दादानं रायफल उलटी धरली आणि दस्त्यानं त्याचं तोंड ठेचायला सुरुवात केली. डुक्कर मेल्यानंतरही तो ठेचत होता. गडी बाजूला उभे राहून बघत होते, कुणी हात धरला नाही. घरी आल्यावर त्यानं अंघोळीला पाणी मागितलं. पाणी जास्त कढत निघालं म्हणून त्यानं तांब्या वहिनीच्या तोंडावर मारला. तिचा पुढचा दात तेव्हाच गेला. डुक्कर मारायची परवानगी होती की नव्हती, हेही कुणी विचारलं नाही.

वहिनीची एकच मोकळीक होती, ती म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. खुंट्या रिकाम्या व्हायच्या आणि दादा नुसत्या हातानं उरायचा. हात काही कमी नव्हता त्याचा, पण हाताचं भय वेगळं, असं ती म्हणायची. त्या दिवसांत ती स्वयंपाक करताना गुणगुणायची. एरवी मी फोन केला की ती खालच्या आवाजात विचारायची, "ताई, औंदा कुठल्या निवडणुका हायेत का हो?" आमच्या सगळ्या जिल्ह्यात झेडपीच्या निवडणुकीची एवढी वाट उमेदवारांनीही पाहिली नसेल. निवडणुका लांबल्या की मला संताप यायचा, आणि तो कुणाला सांगता यायचा नाही.

मी चिकलठाण्याला एका कारखान्यात तयार सुटे भाग तपासते. खोट दिसली की लाल खूण करायची आणि माल बाजूला टाकायचा. हे काम मला चांगलं जमतं. माहेरी मात्र लाल खूण करून मला काही बाजूला टाकता आलं नाही. वहिनीला मी किती वेळा म्हटलं, माझ्याकडं ये. ती म्हणायची, "येते की. पण मग तुम्हाला माहेर नाय राहणार." मला नकोच होतं तसलं माहेर. तिला मात्र माझ्या माहेराची काळजी.

मग दिल्लीहून हत्यारांचा कायदा बदलून आला. एका परवान्यावर आता दोनच बंदुका ठेवता येतील, तिसरी पोलिसांत नाहीतर परवान्याच्या दुकानदाराकडं जमा करा. आणि लग्नात, वरातीत, सणासुदीला हवेत बार काढला तर थेट तुरुंग. आमच्या घरात पेपर आबाच वाचायचे. त्यांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली, चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

त्या दिवसापासून कोणती बंदूक जाणार, यावरून घरात जे सुरू झालं ते कित्येक महिने चाललं. एकनळी द्या, म्हणून दादा हटून बसला. ती फुटकी, डागडुजीची, कशाला ठेवायची? आबा म्हणाले, "ती माझ्या बापाची हाय." मग दुनळी द्या. "ती पूजेतली हाय." दादानं जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं. आबांनी उठून त्याच्या थोबाडीत मारली. पंचविशी कधीच उलटलेला मुलगा, त्यानं आबांचा हात पिरगाळला, आणि आई मधे पडली तर तिला ढकललं. आईचं मनगट सुजलं. पण शेवटी परवाना आबांचा होता. आबा म्हणाले, "रायफल जाईल. कायदा तो कायदा." आबांना कायद्याचा मोठा मान. आयुष्यात कधी त्यांनी वीजबिल थकवलं नाही, की कुणाचा बांध कोरला नाही. पोलीसपाटील त्यांचं उदाहरण द्यायचा.

रायफल जमा करायला ते शहरात आले तेव्हा वहिनीलाही दातांच्या डॉक्टरकडं दाखवायला आणलं होतं, म्हणून मीही दुकानात गेले. जुन्या शहरातलं बंदुकांचं दुकान, पिढ्यान्‌पिढ्या एकाच मुसलमान घराण्याचं. म्हाताऱ्या चाचांनी आमच्या आजोबांनाही काडतुसं विकली होती. त्यांनी रायफल उघडून आत पाहिलं, पुसली, कपाटात ठेवली आणि दुर्बीण काढून दादापुढं ठेवली. "ये ले जाओ बेटा, ये बंदूक में नहीं गिनते."

"माझी बंदूक तुमच्या कपाटात, आणि मी हे घेऊन काय करू?" दादा ओरडला.

"कानून दिल्ली से आया बेटा. मैं थोडीच लाया?"

दादानं काउंटरच्या काचेवर मूठ आपटली. काच फुटली आणि मनगटापासून रक्ताची धार लागली. त्याच हातानं त्यानं चाचांची कॉलर धरली. त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर दादाचं रक्त सांडलं. आबांनी आणि मी मिळून त्याला ओढून काढलं. चाचा एकच वाक्य बोलले, "आबा, इस लडके के हाथ में लकडी भी मत दो." आबांनी काचेची भरपाई देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही.

दुकानाबाहेर रिक्षा शोधत उभे असताना वहिनी माझ्या कानाशी लागली. "ताई, एक तर गेली." आणि ती हसली. पडलेल्या दाताच्या खिडकीसकट, लग्नाच्या फोटोत हसली होती तशी. दादानं ते पाहिलं. गावी पोचल्यावर त्यानं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आईनं मला फोनवर सांगितलं, वहिनी जिन्यावरून पडली, बरगडीला मार आहे. आमच्या घराला जिना आहे, पण वहिनी त्यावरून पडली नव्हती.

रायफल गेल्यावर दुर्बीण राहिली. दादा ती घेऊन गच्चीवर बसायला लागला. वहिनी वावरात खुरपायला गेली, कापूस वेचायला गेली, की हा गच्चीवरून तिच्याकडं दुर्बीण लावायचा. कुणाशी बोलली, किती वेळ बसली, पदर कधी पडला, हे तिला संध्याकाळी ऐकवायचा आणि त्याप्रमाणे मारायचा. बंदूक एक कमी झाली, पण एरवी रानात डुकरांवर निघणारा सगळा जोर आता एकाच माणसावर येत होता. कायदा करणाऱ्यांनी याचा विचार करावा अशी माझी अपेक्षा नाही. आमच्या घरानं करायला हवा होता.

त्या वर्षी मी दसऱ्याला गेले ते वहिनीला घेऊन यायचंच, असं ठरवून. नवऱ्याला सांगितलं होतं, दोन माणसांचं तिकीट काढून येईन.

आमच्याकडच्या दसऱ्याची एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला सगळीकडंच हत्यारं, अवजारं पुजतात. आमच्या घराण्यात मात्र बंदूक रिकामी पुजत नाहीत. देवापुढं रिकामा कलश मांडतात का? सवाष्णीला रिकामी ओटी देतात का? तसंच बंदुकीचं. नवमीला सकाळी आबा सोवळ्यानं पेटी उघडतात, दुनळीच्या उजव्या नळीत एक काडतूस घालतात, मग बंदूक पाटावर आडवी ठेवतात. हळदकुंकू, झेंडूची माळ, नैवेद्य. दसऱ्याला संध्याकाळी तीच बंदूक घेऊन गावाच्या शिवेवर जायचं, आपट्याची पूजा झाली की आबा आकाशाकडं बार काढणार, आणि मग सोनं लुटायचं. लहानपणी त्या बाराला मी कानात बोटं घालून नाचायचे. बार निघाला की बंदूक रिकामी झाली. नळीतलं काडतूस हातानं काढून ठेवायची वेळ आमच्या घरात आजोबांच्या काळापासून कधी आलीच नव्हती.

त्या वर्षी नवमीच्या दिवशी बीटचे जमादार आले. पूजा झालेली होती, त्यांनी प्रसाद घेतला. म्हणाले, "आबा, औंदा बार नका काढू. गंगापूरकडं वरातीतला बार लागून गच्चीवरची पोरगी गेली. आता कुणीबी मोबाईलात शूटिंग करतंय अन् आमच्या नोकरीवर येतंय." आबा म्हणाले, "तुम्ही सांगायला कशाला पाह्यजे जमादार? कायदा वाचलाय मी."

आणि आबांनी कायदा पाळला. दसऱ्याला दुनळी खांद्याला लावून ते शिवेवर गेले, आपटा पुजला, बार न काढता परत आले. लोकांनी विचारलं तर अभिमानानं म्हणाले, "दंडक म्हणजे दंडक." घरी येऊन त्यांनी बंदूक दादाच्या हातात दिली. दादा आधीच चिडलेला होता, शिवेवर पोरांसमोर आपलं हसं झालं म्हणून. त्यानं ती माळेसकट खुंटीला अडकवली. त्यात काडतूस आहे हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि एकाच्याही मनात ते आलं नाही. शिवेवर जाऊन आलेली बंदूक रिकामी असते, हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीची पिशवी भरली. तिनं नको नको म्हणत दोन साड्या घातल्या. मग म्हणाली, "दूध तापवून येते. तुमचे आबा चहाबिगर बसतील." मी म्हटलं, बसू दे. ती हसून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले आणि दारात उभी राहिले. पिशवी माझ्या हातात होती आणि दादानं ती बाहेरून पाहिली होती.

तो आत आला तो दुनळी घेऊनच. झेंडूची माळ अजून नळीवर होती. मला त्यानं खांद्यानं असं ढकललं की माझं डोकं चौकटीवर आदळलं. "निघाली का? कुठं निघाली?" घोडा मागं गेल्याचा खट् आवाज मी ऐकला. वहिनी गॅसपाशी होती. दूध वर यायला लागलं होतं. तिनं या खेपेला डोळे मिटले नाहीत. नंतर मी तिला विचारलं तर म्हणाली, "कटाळा आला होता ताई. रोज रोज तेच." तिनं दुधाकडं पाहिलं, "सरा तिकडं, उतू चाललंय," असं म्हणाली, आणि दार लोटावं तशी डाव्या हातानं नळी बाजूला लोटली.

त्यानं नेहमीसारखा चाप ओढला.

त्या आवाजानं माझे कान बंद झाले. मांडणीवरची भांडी खाली येताना दिसली, पण त्यांचा आवाज आला नाही. धूर, जळलेल्या दारूचा वास, झेंडूच्या पाकळ्या. वहिनी गॅसच्या ओट्याला धरून उभी होती. तिच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी होती, मधे काही नव्हतं. ती हाताकडं बघत होती. दूध उतू जात होतं आणि त्यात रक्त पडून ते गुलाबी होऊन शेगडीवर सांडत होतं. मी टॉवेल तिच्या हाताला गुंडाळला तेव्हा ती म्हणाली, हे मला तिच्या ओठांवरून कळलं, "गॅस बंद करा."

दादा जागचा हलला नव्हता. माझे कान जरा उघडले तेव्हा त्याचं पहिलं वाक्य मी ऐकलं. तो गरजत होता, "कुणी भरली? आबा, ही कुणी भरली?" आणि दारात आलेले आबा कंबरेला हात लावून किल्ली चाचपत होते. बाई रक्तात उभी आहे आणि हे दोघं काडतुसाचा तपास करतायत. मी आयुष्यात कुणाचा इतका द्वेष केला नाही जितका त्या क्षणी त्या दोघांचा केला.

शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही तिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं. वाटेत ती दोनदा शुद्धीवर आली आणि दोन्ही वेळा विचारलं की पिशवी घेतली का. मी घेतली होती. डॉक्टरांनी हात वाचवला, बोटं गेलीच होती. डावा कानही नंतर कामातून गेला.

संध्याकाळी पोलीस आले. आबा बाकावरून उठले, हात जोडले. त्यांना वकिलानं फोनवर शिकवलं होतं, साफ करताना सुटली म्हणून सांगा. पण आबांना खोटं बोलायची सवय नाही. फौजदारानं विचारलं, "कशी सुटली?" आणि आबा पोराला वाचवायला गेले ते असे, "साहेब, पोराच्या मनात काय बी नव्हतं. त्याला वाटलं रिकामी हाय."

फौजदार लिहिता लिहिता थांबला. "म्हणजे चाप ओढला त्यानं. बायकोवर."

"व्हय, पण रिकामी समजून."

"रिकामी समजून बायकोवर चाप का ओढला?"

आबांनी उत्तरासाठी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड फिरवलं नाही. जे जे पाहिलं होतं ते मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवाळीपासून. वहिनीला विचारलं तेव्हा आई तिच्या उशाशी बसली होती, तिचा उजवा हात घट्ट धरून. वहिनी म्हणाली, "मला झोपू द्या." तिच्या तोंडून त्या दिवशी एवढंच निघालं.

फौजदार गेल्यावर आबा व्हरांड्यात मला म्हणाले, "सरकारनं बार काढू दिला असता तर हे झालंच नसतं. पिढ्यान्‌पिढ्या झालं नाही. कायदा पाळला म्हणून घर बुडालं माझं." ते रडत होते. माझे वडील रडताना मी पहिल्यांदा पाहिले आणि मला दया आली नाही. मी म्हटलं, "आबा, चाप सरकारनं ओढला नाही."

दादाला अटक झाली, पुढं जामीनही झाला. दोन्ही बंदुका जप्त झाल्या, परवाना स्थगित झाला, आणि शहरात चाचांच्या कपाटातली रायफलही अडकली. दादाच्या वकिलाला माझा जबाब फार सोयीचा वाटला. बहिणीला जमिनीत वाटा हवाय, म्हणून ती भावाला अडकवतेय, असं त्यानं गावभर पसरवलं. भावकीनं ते डोळे झाकून मानलं. म्हणजे खटला उभा राहणार की झोपणार, हे आता वहिनी कोर्टात काय बोलते यावर होतं. आणि ती बोलत नव्हती. माझ्या घरात ती वर्षभर राहिली, एका हातानं कणीक मळायला शिकली, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला लागली, पण त्या सकाळबद्दल चकार शब्द काढत नव्हती. मीही कधी विचारलं नाही. बोलायचं तिनं ठरवायचं होतं.

पुढच्या नवरात्राच्या तोंडावर आबा आमच्याकडं आले. कांद्याची गोणी, शेंगा, आईनं दिलेलं लुगडं. वहिनीनं डोक्यावर पदर घेतला, पाया पडली, चहा ठेवला. आबांनी तिच्या हाताकडं बघायचं टाळलं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ते म्हणाले, "सूनबाई, तारीख जवळ आलीय. एवढंच सांग, साफ करताना सुटली. तुझ्या एका शब्दावर सगळं मोकळं होतंय बघ. परवाना मिळतोय, बंदुका सुटत्यात. औंदा खंडेनवमीला पाटावर ठेवायला घरात काय बी नाय."

वहिनीनं विचारलं, "आबा, तुम्ही मला न्यायला आलात का बंदुका न्यायला?"

आबांनी थोडा विचार केला. ते सरळ माणूस आहेत. म्हणाले, "आधी बंदुका येऊ दे. मग तुलाबी नेऊ."

मी उठणार होते. वहिनीनं उजव्या हातानं मला खाली बसवलं. तिचा चेहरा फुललाही नाही आणि पडलाही नाही. तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. सासऱ्यासमोर पदर काढलेली वहिनी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"तारखेला मी येणार हाय आबा," ती म्हणाली. "त्या सकाळचं सांगणार हाय. अन् त्याच्या आधी जितक्या बारी लावली, तितक्या बारीचं सांगणार हाय. डोक्याला लावली ते, पोटाला लावली ते. रिकामीचंबी सगळं सांगणार हाय."

आबा गोंधळले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कोड्यात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता तो.

"पण रिकामीचं काय सांगायचं असतं?" त्यांनी विचारलं.

ते खरंच विचारत होते.